गाळ बसेपर्यंत

१/६० सेकंद

त्यानं बायकोचा उजवा हात उलटा करून पाहिला आणि तिनं तो लगेच ओढून घेतला.

२ सेकंद

"काय झालंय?"

"कुठं काय?"

"हाताला. वळ उठलेत."

"पट्टा लागला असेल," ती म्हणाली आणि तिनं हातमोजा चढवला.

३० सेकंद

मोजा चढल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. तो पुन्हा पेटीकडे वळला. मांडीवर कॅमेऱ्याची जाड, पाणी आत न घेणारी पेटी, पेटीच्या पाठीत एक भोक, भोकातून आत जाणारी केबल. त्यानं पितळी चाकी आवळली, पाव फेरा सैल केली, पुन्हा आवळली. रबरी कडीवरून बोट फिरवून केस, वाळूचा कण असं काही अडकलं नाही ना ते पाहिलं. हे काम तो डोळे मिटूनही करू शकला असता. आज त्यानं ते तीनदा केलं, कारण मान वर केली असती तर पाणबुड्या दिसला असता.

पाणबुड्या समोरच्या दगडावर बसून संत्रं सोलत होता. पन्नाशीचा, खांद्यानं रुंद, पुलांचे पाण्यातले पाये तपासण्याची नोकरी करणारा. सुट्टीच्या दिवशी तो तिच्याबरोबर इथं उतरायचा. सालीची एक अखंड पट्टी त्यानं उतरवली आणि अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं. मग आठवण झाल्यासारखं उरलेलं अर्धं याच्यापुढे.

"घ्या, मास्तर."

"हात ओले आहेत," तो म्हणाला.

हात कोरडे होते.

४ मिनिटं

दगडाची खाण होती ती. पंप बंद पडले तेव्हा कुणी सामान वर काढलं नव्हतं, आणि खालच्या झऱ्यांनी वर्षभरात ती काठोकाठ भरून टाकली. तळाशी अजून सगळं जागच्या जागी होतं. कामगारांच्या उतरायच्या पायऱ्या, दगड कापायचं यंत्र, वजनकाटा, एक पत्र्याची खोली आणि तिचं अर्धवट उघडं दार. ती हे सगळं टिपत होती. बारा चित्रांची मालिका. नऊ झाली होती, आणि शहरातल्या एका कलादालनानं तिच्यासाठी एक अख्खी भिंत राखून ठेवली होती.

प्रत्येक चित्राला शटर चार मिनिटं उघडं ठेवायचं. खाली उजेड कमी, हे एक कारण. दुसरं कारण तिला जास्त आवडायचं. चार मिनिटांत जे हलतं ते चित्रात येत नाही. मासे पुसले जातात, बुडबुडे पुसले जातात, तरंगणाऱ्या कचऱ्याचं धुकं होतं. जागचं न हलणारं तेवढंच उरतं.

अडचण गाळाची होती. कॅमेरा तिपाईवर बसवताना पायांनी तळ ढवळला जायचा, आणि तो निवळायला दहा-बारा मिनिटं लागायची. तेवढा वेळ बाजूला, हातपाय न हलवता बसायचं. आणि मग बटण दाबायला पुन्हा कॅमेऱ्याकडे गेलं, की पुन्हा गाळ. पहिलं वर्ष तिचं त्यातच गेलं. मग त्यानं ही केबल बनवली. पस्तीस मीटर, दुहेरी रबराची, खालचं टोक कॅमेऱ्यात, वरच्या टोकाला अंगठ्याएवढं काळं बटण. दाबून धरलं की शटर उघडं, सोडलं की मिटलं; कॅमेरावाले याला 'बल्ब' म्हणतात. दुकानात बिनतारी रिमोट ढिगानं होते. त्यानं दोन-तीन पेटीत घालून बादलीत बुडवून पाहिले, आणि हातभर पाण्यातच ते मुके झाले. बादलीत वाकलेल्या त्याला पाहून त्याची थोरली बहीण गल्ल्यावरून म्हणाली होती, "मासे पाळतोयस का रे?"

बटण त्याच्या हातात आलं ते असं. त्याला पोहता येत नव्हतं. काठावर बसून तो घड्याळ बघायचा, सूर्य बघायचा, ढग आला तर अंदाजानं अर्धं मिनिट वाढवायचा. दालनवाल्यांच्या पत्रकात 'त्यांचा विलक्षण संयम' असं तिच्याबद्दल छापून आलं, तेव्हा तिनं ते त्याच्यासमोर ठेवून म्हटलं होतं, "हे तुझ्याबद्दल आहे." ते त्याला पुरलं होतं. बरीच वर्षं पुरलं होतं.

दोरी वेगळी. तिच्या कमरेपासून काठावरच्या लोखंडी खुंटीपर्यंत, तिथून त्याच्या हातात. खाली बोलता येत नाही म्हणून झटके ठरलेले:

एक झटका म्हणजे काही नाही. दोरी दगडाला घासते, मासा आपटतो. लक्ष द्यायचं नाही.

दोन म्हणजे गाळ बसला, उघड.

तीन म्हणजे वर ओढ.

आणि एक नियम, तो तिचाच: दोरी हाताला गुंडाळायची नाही. अडकली तर हात अडकतो, हात अडकला तर माणूस अडकतो. एकदा काठावर बसल्याबसल्या त्यानं चाळा म्हणून पंजाभोवती दोन वेढे घेतले होते, तर ती पाण्यातून डोकं वर काढून ओरडली होती. काठावर होता तरी.

१२ मिनिटं

दोघं उतरले. त्यानं घड्याळ लावलं.

पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा फुटत होत्या. सुरुवातीला लांब लांब, तिपाईच्या दोन बाजूंना. मग जवळ. मग इतक्या जवळ, की एकाचा बुडबुडा कुठला आणि दुसऱ्याचा कुठला ते सांगता येईना.

खाली काय चाललंय ते त्याला नकाशासारखं पाठ होतं. कॅमेऱ्यामागचा तळ ढवळलेला, म्हणून ती दोघं समोर, पायऱ्यांच्या डाव्या कठड्यावर जाऊन बसतात. गाळ बसला की हलक्या पायांनी पत्र्याच्या खोलीमागे, चित्राच्या बाहेर. तिथून दोन झटके. मधली बारा मिनिटं कठड्यावर. शेजारी शेजारी. बोलता येत नाही, उठता येत नाही, दुसरीकडे बघण्यासारखं काही नाही.

एकटी उतरू नकोस, कुणालातरी बरोबर घे, असं तोच तिला चार वर्षं सांगत होता. तीन महिन्यांपूर्वी तिनं एकदम ऐकलं. कुणाला घेणार ते मात्र विचारलं नाही.

दोरी हल्ली जड लागत होती. जुनी दोरी पाणी पिते, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

दोन झटके आले. त्यानं बटण दाबलं, चार मिनिटं धरलं, सोडलं. दहावं चित्र झालं.

ती वर आली ती काठाला दोन्ही हातांनी धरून, तोंडातली नळी तशीच ठेवून. पाणबुड्यानं तिच्यामागून येत तिची नळी काढली आणि चेहरा तिच्याजवळ नेला.

१/१००० सेकंद

"अगं, श्वास घे."

८ सेकंद

तीन महिने 'मॅडम' होती. 'मॅडम, सिलिंडर बघा.' 'मॅडम, आज पाणी गढूळ आहे.' आज 'अगं'. तेही त्याच्यादेखत, आणि म्हटल्यावर जीभ न चावता. श्वास घे म्हटल्यावर तिनं श्वास घेतला, बस.

त्यानं केबल गुंडाळायला घेतली. एरवी तो ती आठाच्या आकड्यात गुंडाळायचा, म्हणजे पीळ पडत नाही. त्या दिवशी ती नुसतीच गोळा झाली.

१५ सेकंद, नऊ वेळा

दुकानात त्याची ताई गल्ल्यावर बसायची आणि ओळखपत्रांचे फोटो काढायची. तो आतल्या टेबलावर दुरुस्ती करायचा. मधे पडदा होता, पण ताईसमोर पडद्याचा उपयोग नव्हता.

"तो लेन्सवाला दोनदा येऊन गेला. काय झालंय तुला? स्क्रू समोर ठेवून स्क्रू शोधतोयस."

"काही नाही."

"तो पाण्यातला माणूस परवा आला होता. पट्ट्याची कडी बदलून हवी होती त्याला. बराच बोलला. बोलका आहे."

"हं."

"तुझ्या बायकोचं फार कौतुक करत होता. म्हणाला, तिच्यासारखी धीराची बाई नाही पाहिली."

त्याच्या हातातला चिमटा सटकला. स्प्रिंग टेबलाखाली गेली.

"कडी दिलीस?"

"दिली की. का, नको होती द्यायला?" ताईनं पडदा बाजूला केला. "अरे देवा. तू त्याला पाण्यात पाहतोस होय? तसा तो असतोच म्हणा पाण्यात."

"ताई, गिऱ्हाईक आलंय."

"कुणी नाही आलेलं." ती आत येऊन स्टुलावर बसली. "हे बघ. एक तर तिला विचार. नाहीतर पोहायला शीक. हे मधलं नको. काठावर बसून तुला काय दिसणार आहे? बुडबुडे."

"मला काही बघायचं नाहीये."

"मग पोटात कशाला दुखतंय?"

तो वाकून टेबलाखाली स्प्रिंग शोधत राहिला. स्प्रिंग त्याला केव्हाच दिसली होती. तिच्याशेजारी पुढच्या खेपेसाठी तपासायला काढलेली केबल पडली होती, आणि केबलच्या टोकाला बटण.

बराच वेळ तो टेबलाखालीच होता.

"झोपलास का?" ताई म्हणाली.

१ सेकंद

बटण त्याच्याच हातात असतं की.

४ मिनिटं

पुढच्या खेपेला आकाश स्वच्छ होतं. ती हातमोजे गाडीतूनच घालून आली होती. पाणबुड्यानं संत्रं आणलं नव्हतं, त्यानं दोरीच्या गाठी तपासल्या, एक सोडून पुन्हा बांधली आणि याच्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या गाठीला नावं ठेवत नाही हं, मास्तर. सवय आहे."

"ठेवा की."

"तसं नाही."

"नाही, ठेवा."

ती मधेच म्हणाली, "उतरायचं का?" आणि दोघं उतरले.

पहिलं मिनिट. दुसरं. बुडबुड्यांच्या रांगा जवळ आल्या. तिसरं. आता ती दोघं कठड्यावर बसली असणार, कॅमेरा तिपाईवर, तोंड त्यांच्याकडे. चौथ्या मिनिटाला त्यानं बटण दाबलं.

दोन झटके आलेले नव्हते. दोरी शांत होती. अंगठा त्याचा होता, आणि तो खाली दबलेला होता.

शटरची टिक पाण्यात ऐकू जाते का, हा विचार त्याला दाबल्यावर आला. मग वाटलं, नळीतून श्वास घेताना स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नसेल. मग वाटलं, आता सोडलं तर काहीच नीट येणार नाही, नुसती लाज उरेल. चार मिनिटं तो अंगठ्याकडे बघत राहिला. नख पांढरं पडलं. पाण्यावर बुडबुडे फुटत होते, एकमेकांत मिसळून, एरवीपेक्षा सावकाश.

त्यानं अंगठा उचलला. पुढं बाराव्या मिनिटाला दोन झटके आले, आणि त्यानं अकरावं चित्र जसं काढायचं तसं काढलं.

वर आल्यावर तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं त्याला वाटलं. पण तिचा मास्क धुरकटलेला होता.

फ्रेम ४१८

कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करायचं काम त्याचंच. दुसऱ्या दिवशी दुपारी, ताई जेवायला गेल्यावर, त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि ४१८ मोठी करून पाहिली.

पुसट: गाळ, दुधासारखा, खालचा तिसरा हिस्सा भरून. बुडबुडे, म्हणजे दोन फिकट खांब. पाणबुड्या, म्हणजे कठड्याच्या टोकाला एक काळपट धूर, तिच्यापासून चांगला हातभर लांब. तिची मान, मास्क, खांदे, असल्यासारखे, नसल्यासारखे.

स्पष्ट: पायऱ्या. पायऱ्यांवरची छिन्नीची खूण न् खूण. पत्र्याच्या दाराची बिजागरी.

स्पष्ट: तिची उजवी मूठ. कठड्यावर दाबून ठेवलेली. मुठीभोवती दोरी, एक वेढा, दोन वेढे, तीन. दोरीचा पीळन् पीळ मोजता येत होता. वेढ्यांमधून वर आलेला मोज्याचा रबर फुगला होता, इतकी ती आवळलेली होती. तिथून दोरी सरळ वर जाऊन चित्राच्या बाहेर गेली होती.

स्पष्ट: धुरातून पुढे आलेला पाणबुड्याचा हात, मनगटापासून पुढे. मांडीवर टेकवलेला. हातात उघडा चाकू, धार दोरीच्या बाजूला.

त्यानं आधी चाकूच पाहिला आणि तो उठून उभा राहिला. मग पुन्हा बसला. मग वेढे मोजले. पुन्हा मोजले. वळ उठलेला तिचा हात त्याला आठवला, तळव्याच्या मागच्या बाजूला आडवे तीन वळ.

ताई जेवून आली तेव्हा दार लोटलेलंच होतं.

"काय रे, अंधारात बसलायस?"

"डोळे दुखतायत."

पाणबुड्याला माहीत होतं, हे तो मनात म्हणत होता. तो पाण्यातला माणूस, ज्याला ती तीन महिन्यांपूर्वी ओळखतही नव्हती, त्याला तिची पाण्यातली भीती माहीत होती. इतकी की तो चाकू काढून बसायचा. आणि ज्याच्या हातात दोरीचं दुसरं टोक, तो दोरी पाणी पिते म्हणत होता. तिनं त्याचा हात धरलेला दिसला असता तर निदान भांडता आलं असतं. हे त्याहून आतलं होतं. यात त्याला बसायला जागाच नव्हती.

फ्रेम पुसून टाकणं सोपं होतं. पण मग ४१७ नंतर ४१९ आली असती, आणि आकडे ती ओळीनं बघायची. त्यानं सगळ्या फ्रेम होत्या तशा तिच्यासाठी ठेवल्या.

कळा

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली. तो स्वयंपाकघरात दूध तापवत होता. भिंतीपलीकडून तिच्या बोटाचा आवाज येत होता. एक कळ, एक फ्रेम. टक. टक. काही फ्रेमवर ती जरा थांबायची, मग टक.

मग आवाज थांबला.

तो मोजू लागला. मोजायचं त्यानं ठरवलं नव्हतं. सवयच होती. तीसपर्यंत. साठ. दूध वर आलं आणि त्यानं गॅस बंद करेपर्यंत शेगडीवर उतू गेलं.

"चारशे अठरा," ती म्हणाली.

त्यानं फडकं घेतलं. "चुकून दाबलं गेलं."

"चार मिनिटं?"

तो शेगडी पुसत राहिला. दूध जळलेल्या जागी फडकं पुन्हा पुन्हा फिरत होतं.

"मला टिक ऐकू आली होती," ती म्हणाली.

फडकं थांबलं. तो दारात आला. "मग हलली का नाहीस?"

"शटर उघडं होतं ना."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की त्याला काही क्षण ते बरोबरच वाटलं. मग ती हसली, पण डोळे पडद्यावरच ठेवून.

"काय दिसेल असं वाटलं होतं तुला?"

"काही नाही."

"मग बघ. त्याचं काहीच दिसत नाहीये. नुसता धूर. तो कधी एका जागी बसतच नाही. सारखा मला खुणा करत असतो, सोड, सोड, सोड. हातानं शिव्या देतो. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, तुम्ही सोडणार नसाल तर मी कापून मोकळा होईन. म्हणून तो चाकू."

"तो तुला अगं म्हणतो."

हे तोंडातून निघेपर्यंत आपण हे बोलणार आहोत असं त्याला वाटलं नव्हतं.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मी श्वास घ्यायचं विसरले होते. अशा वेळी मॅडम म्हणतात का?"

तो खुर्ची ओढून बसला. हातात फडकं तसंच होतं. पडद्यावर तिची मूठ होती.

"कधीपासून?"

"आठव्या चित्रापासून. गाळ उठतो ना, तेव्हा. वर कुठं आणि खाली कुठं, काही कळेनासं होतं. एकदा मी वर म्हणून तळाकडेच निघाले होते." तिनं पडद्यावरच्या दोरीवर बोट ठेवलं. "ही हाताला असली की कळतं. वर कुठं आहे ते."

"त्याला सांगितलंस."

"त्याच्यापासून लपवता आलं नसतं. तो तिथं असतो."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. बहुधा ते तीन महिने तयार होतं.

"तू दोरी ओढली असतीस."

त्यानं फडक्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती टेबलावर ठेवली.

"एकच राहिलंय," ती म्हणाली. "खोलीचं दार. तेवढं झालं की मी पाण्याचं नाव काढणार नाही."

तिनं कळ दाबली. टक. ४१९. अकरावं चित्र. त्यात पायऱ्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

"ही चांगली आलीय," ती म्हणाली. मग उलटी कळ दाबून पुन्हा मागे गेली. "पण ही जास्त चांगली आहे."

६० सेकंद

ताईनं आठवडाभर पाहिलं. दुरुस्तीला आलेले तीन कॅमेरे तसेच पडले होते. तो कॅमेऱ्याच्या जाड पट्ट्याचे तुकडे कापत होता, शिवत होता, उसवत होता, आणि कडीत मनगट घालून जोरात हिसका देत होता. पाचव्या दिवशी बादली पुन्हा निघाली. गार पाण्यात मोजा घालून, डाव्या हातानं, न बघता कडी सुटते का ते त्यानं पन्नास वेळा करून पाहिलं.

"आता काय पाळतोयस?" ताई म्हणाली.

"तुझ्याकडे ती नवी कडी आहे का अजून? त्याला दिलीस ती?"

"त्याला दिली तशीच हवी?"

त्यानं बादलीतून हात बाहेर काढला. "त्याहून चांगली असेल तर बघ."

बल्ब

काठावर त्यानं ते खिशातून काढून तिला दिलं. दोरीत गुंतवलेलं एक रुंद, मऊ वेटोळं, मनगटात जाईल एवढं, आणि त्याला एक लाल जिभळी. जिभळी ओढली की वेटोळं उघडतं आणि हात सुटतो.

तिनं ते उजव्या मनगटात घातलं. दोरीला हिसका दिला, धरून राहिलं. जिभळी ओढली, सुटलं. पुन्हा घातलं.

पाणबुड्या वाकून बघत होता. त्यानं जिभळी दोन बोटांत धरून पाहिली, दोनदा ओढली. "हे मला सुचायला पाहिजे होतं," पाणबुड्या म्हणाला.

"पाहिजे होतं," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला किती बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसू नये, म्हणून तो पेटीची चाकी आवळायला वाकला.

उतरताना पाणबुड्याचा चाकू म्यानातच होता. त्यानं म्यानाचं बटण मात्र उघडून ठेवलं होतं. ते याच्या नजरेतून सुटलं नाही. आपण खाली असतो तर आपणही उघडूनच ठेवलं असतं, असं वाटून त्याला पुन्हा त्या माणसाचा राग आला.

पहिलं मिनिट. दुसरं. बुडबुड्यांच्या रांगा जवळ आल्या आणि मिसळल्या. त्यानं दोरी मांडीवर घेतली. आज ती जड होती, आणि का ते त्याला माहीत होतं. आता गाळ उठला असेल. आता तिला वर कुठं ते कळत नसेल. ओढली तर ती अर्ध्या मिनिटात वर येईल, ओली, चिडलेली, आणि दार तिथंच राहील. त्याचे हात दोरीवर होते आणि हातांत बळ होतं.

पाचव्या मिनिटाला एक झटका आला.

तो थांबला. दुसरा आला नाही. एक म्हणजे काही नाही. दोरी दगडाला घासते, मासा आपटतो.

त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे, मग पुन्हा पाण्याकडे. मग दोरी दोन बोटांत धरून हलकेच एक झटका दिला. फार हलका, खाली पोचेल की नाही असा.

थोड्या वेळानं एक आला.

त्यानं एक दिला.

पाणबुड्याला हे कळत नसणार. दोरी तिच्या मनगटात होती, त्याच्या नव्हे. मघापासून पहिल्यांदाच त्यानं बुडबुड्यांवरून नजर काढली.

बाराव्या मिनिटाला दोन झटके आले, नीट, ठरल्यासारखे. त्यानं बटण दाबलं आणि घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन. डाव्या हातात दोरी होती. तिचे दोन वेढे त्याच्या पंजाभोवती कधी बसले ते त्याला कळलं नव्हतं. आता कळलं, तरी त्यानं ते सोडवले नाहीत. तीन मिनिटं. चार होत आली, तेव्हा एक ढग सूर्यावर आला आणि खाणीचं पाणी काळं झालं.

त्यानं अंगठा उचलला नाही.